सतरंजी की सरकती गादी

हे घाईत वाचायचं नाही. जमत असेल तर जमिनीवर जाडसर सतरंजी अंथरा, पाठीवर निजा, गुडघे वर घ्या, तळपाय जमिनीला टेकलेले राहू द्या. एकेक परिच्छेद वाचून झाला की मोबाईल पोटावर पालथा ठेवायचा आणि थोडा वेळ नुसतं पडून राहायचं. लोकलमध्ये असाल तर सीटला पाठ टेका, तेवढ्यानंही भागेल.

प्रश्न छोटाच आहे. पिलाटीज शिकायचं मनात आहे आणि स्टुडिओच्या दरपत्रकावर दोन रांगा आहेत. एक मॅटची, एक रिफॉर्मर नावाच्या यंत्राची. दुसऱ्या रांगेतला आकडा पाहून भुवया वर जातात. मैत्रीण म्हणते, "यंत्रावरच शीक, जमिनीवर तर आपण योगासनं करतोच की." घरातलं कोणीतरी म्हणतं, "आधी जमिनीवर तर जमू दे, मग यंत्राचं बघू." दोघांचंही पटतं, आणि तिथेच गाडं अडतं. तूर्त दोघांनाही बाहेरच्या खोलीत बसवून ठेवू.

पाठीकडे लक्ष न्या. ती जमिनीला कुठे कुठे टेकली आहे? डोक्याचा मागचा भाग, खांद्यांची पाती, बरगड्यांचा मागचा घेर, मग कंबरेची पोकळी, मग माकडहाडाच्या वरचा चपटा भाग. उजवी-डावी बाजू सारखी टेकली आहे का? कंबरेखालून तळहात सरकवून पाहा. कोणाचा सहज आरपार जातो, कोणाची जेमतेम बोटं शिरतात. यात चूक-बरोबर काही नाही. ती जागा फक्त ओळखून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हात बरगड्यांच्या दोन्ही बाजूंवर ठेवा. नाकाने श्वास घ्या आणि तो हातांखाली, बरगड्यांच्या कडांकडे आणि मागे पाठीकडे जाऊ द्या. तोंडाने सावकाश सोडा. पोट फुगवून श्वास घ्यायची सवय असेल तर हे अवघडल्यासारखं वाटेल. पिलाटीजमध्ये पोटाचे स्नायू कामाला लावलेले असतानाच श्वास चालू ठेवायचा असतो, म्हणून त्याला बाजूंनी जागा करून द्यायची. असे काही श्वास होऊ द्या. मोजू नका.

एक लहानशी गोष्ट करून पाहू. मान दुखत असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा गरोदर असाल, तर ही नुसती मनात करा. श्वास सोडता सोडता डोकं आणि खांद्यांचा वरचा भाग जमिनीवरून थोडा उचला, नजर मांड्यांकडे. तिथेच असताना बघा, सगळ्यात आधी काय ताठ झालं? गळा? जबडा? की बरगड्यांखालचं पोट? पोटावरचा मोबाईल वर ढकलला गेला, की पोट आत बसलं आणि तोही खाली गेला? या खाली. डोकं पुन्हा जमिनीला देऊन टाका.

मॅटवर ज्याने सुरुवात करतात तो 'हंड्रेड' याच उचलण्यावर उभा आहे. डोकं-खांदे वर, पाय हवेत, हात शरीराशेजारी लांब करून लयीत वर-खाली हलवायचे. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं 10 वेळा. झाले 100. नवख्याच्या पोटाला पायांचं वजन पेलवत नाही. मग कंबर जमिनीवरून सुटते, हनुवटी पुढे येते, श्वास अडकतो, आणि तरीही आकडा शंभरावर जातो. व्यायाम झाला खरा, पण तो मानेने केला. दुसऱ्या दिवशी दुखते तीही मानच.

"मॅट सोपं, रिफॉर्मर अवघड" ही समजूत इथेच डळमळते. जमीन कोणाला हात देत नाही. स्वतःचं डोकं, स्वतःचे पाय, त्यांचं पुरतं वजन, आणि ते कुठून पेलायचं हे ज्याचं त्याने शोधायचं. भलत्याच स्नायूने काम उरकलं तरी ती काही बोलत नाही.

पुढचा 'रोल-अप' घ्या. पाठीवर निजून, हात डोक्यापलीकडे लांब, मग एकेक मणका उचलत उठून बसायचं आणि तसंच एकेक मणका टेकवत परत निजायचं. ऐकायला सरळ आहे. करताना खांद्यांपासून बरगड्यांपर्यंत पाठ छान गोलावत येते आणि कंबरेपाशी गाडी थांबते. तो भाग मणक्या-मणक्याने उठायला राजी नसतो. मग माणूस हात झोकतो, टाचा जमिनीवरून सुटतात आणि कंबर एका झटक्यात, अखंड वर येते. मघाशी तळहात घालून पाहिलीत ती हीच जागा. ज्यांचा हात आरपार गेला त्यांच्यापैकी पुष्कळांना झटका इथेच बसतो.

तसं मॅटवरही भार कमी-जास्त करता येतो, पण गर्दीच्या वर्गात ते सांगायला कोणाला वेळ नसतो. गुडघे दुमडले की पोटावरचा भार हलका, पाय सरळ केले की जड. सरळ पाय छताकडे रोखले तर सोसतं, जमिनीकडे झुकवत नेले की दर इंचाला वजन वाढल्यासारखं वाटतं. डोकं खाली ठेवूनही 'हंड्रेड' होतो, तळपाय जमिनीवर ठेवूनही होतो. जो शिक्षक पहिल्या दिवशी हे सांगतो त्याच्याकडे मॅटवर शिकायला हरकत नाही. आणि मॅट मात्र जाड हवी. योगाची पातळ मॅट उभ्या आसनांना बरी, पाठीवर गोल होऊन लोळायला लागलं की मणक्यांची टोकं जमिनीला टोचतात.

मोबाईल पालथा. थोडं थांबू.

आता यंत्र डोळ्यांसमोर आणा. लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची लांबट चौकट, साधारण एका माणसाच्या पलंगाएवढी लांब पण अरुंद. आत रुळांवर चाकांनी मागे-पुढे सरकणारी गादी, तिला कॅरेज म्हणतात. एका टोकाला पाय टेकायची दांडी, फुटबार. गादीखाली चार-पाच स्प्रिंगा, हव्या तेवढ्या हुकात अडकवायच्या, नको त्या सोडायच्या. स्प्रिंगचा ताण रंगावरून ओळखतात, मात्र रंगांचा हिशेब कंपनीगणिक वेगळा. खांद्यांना अडवायला दोन ठोकळे, आणि कप्प्यांवरून येणाऱ्या दोऱ्यांना हातापायांत घालायचे पट्टे.

तुम्ही त्या गादीवर निजला आहात, आत्ता आहात तसेच. खांदे ठोकळ्यांना लागलेले, टाचा फुटबारवर. श्वास सोडत पाय लांब करा. गादी तुमच्यासकट मागे जाते. सुरुवातीला हलकी, मग स्प्रिंग जसजशी ताणली जाईल तसतशी जड. डंबेलचं वजन वाटेत बदलत नाही, स्प्रिंगचं बदलतं. इथवर कोणालाही जमतं. खरी गोष्ट परत येण्यात आहे. स्प्रिंग तुम्हाला आत ओढते आहे. तिला ओढू द्यायचं, पण तुमच्या गतीनं. मांड्या, पोट, श्वास सगळं शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत जागं हवं. शेवटी लक्ष सुटलं की गादी येऊन आदळते. ठक. कोणी कपाटाचा खण लोटून द्यावा तसा आवाज होतो आणि सगळ्या वर्गाला ऐकू जातो.

माझ्या मते नवख्यासाठी रिफॉर्मरची सगळ्यात मोठी किंमत या आवाजात आहे. जमीन जे कधी सांगत नाही ते हे यंत्र लगेच सांगतं, तुम्ही कुठे सोडून दिलंत ते. शिवाय ते धरून ठेवतं. पट्ट्यांत पाय घातले की पायांचं बरंचसं वजन दोऱ्या उचलतात, आणि मॅटवर जे पोट पायांच्या भाराखाली हबकलं होतं त्याला आपलं काम काय आहे ते शांतपणे समजून घ्यायला अवकाश मिळतो.

पण यंत्रही लपवतं. जाड स्प्रिंगांवर दणकट मांड्यांचा माणूस गादी सहज ढकलतो, आवाजही होऊ देत नाही, आणि पोट मात्र आरामात झोपलेलं असतं. दोन्ही पाय दांडीवर असताना उजवा साठ टक्के काम करतो की डावा, हे गादीला कळत नाही. एकेका पायाने करायला लावलं की कळतं. आणि एक गंमत ध्यानात ठेवा. स्प्रिंगा कमी केल्या म्हणजे सोपं झालं असं नवख्याला वाटतं. निजून पाय ढकलताना ते खरं आहे. पण हात फुटबारवर, पाय गादीवर अशा आडव्या स्थितीत, म्हणजे प्लँकमध्ये, स्प्रिंग कमी केली की गादी पळायला बघते आणि तिला धरून ठेवताना पोटाचा कस लागतो. तिथे हलकी स्प्रिंग म्हणजे जड काम. म्हणून 'एक स्प्रिंग काढा' असं ऐकलं की ताबडतोब खूश होऊ नये.

मैत्रीण आणि घरातलं ते माणूस अजून बाहेर बसले आहेत. त्यांना एक माणूस दाखवू.

जोसेफ पिलाटीज 1883 साली जर्मनीत, म्यॉन्शनग्लाडबाखला जन्मला. पोर अशक्त होतं. दमा, मुडदूस, सांध्यांना धरणारा ताप. त्यातून सावरायला तो जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध, जे सापडेल ते करत गेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध केलं, आणि आयल ऑफ मॅन या बेटावरच्या नॉकलो छावणीत त्याची युद्धाची वर्षं गेली. त्या छावणीत एका वेळी वीस हजारांवर माणसं कोंडलेली होती. हातात जमीन आणि वेळ, दुसरं काही नाही. सोबत्यांकडून तो जमिनीवर व्यायाम करून घेत असे. तिथल्या आजाऱ्यांना खाटेवरूनच हालचाल करता यावी म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा बांधल्या आणि पुढच्या यंत्रांचं मूळ तेच, अशीही कथा सांगतात.

1926 च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. बोटीवर भेटलेली क्लारा पुढे जन्मभर सोबत राहिली, आणि आठव्या अव्हेन्यूवर 939 क्रमांकाच्या इमारतीत दोघांनी आपला स्टुडिओ चालवला. जॉर्ज बॅलन्शीन, मार्था ग्रॅहम यांच्याकडचे दुखावलेले नर्तक तिथे येत. तो आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणे, त्याचं आडनाव तिला मागून चिकटलं. 1945 साली त्याचं 'रिटर्न टू लाइफ थ्रू कंट्रोलॉजी' आलं. त्यातले 34 व्यायाम सगळे मॅटचे आहेत आणि फोटोंत साठीचा पिलाटीज स्वतः चड्डीवर ते करून दाखवतो. पुस्तक घरी बसून वाचणाऱ्यासाठी होतं आणि घरी यंत्र कुठून येणार? स्टुडिओत आलेल्याला मात्र तो रिफॉर्मरवर घाले, मॅटवर घाले, खुर्चीवर, पिंपावर, त्या शरीराला जे हवं त्यावर. एकाच खोलीत एक जण हे करतोय, दुसरा ते.

जरा यावर रेंगाळा. हे दोन रस्ते नव्हतेच. एकाच कामाची दोन साधनं होती आणि कोणतं कधी ते बघणारा माणूस ठरवत असे. मॅट 'की' रिफॉर्मर हा प्रश्न दरपत्रकाने तयार केला. यंत्र महाग, लाखाच्या घरातलं. ते जागा अडवतं, एका खोलीत मोजकीच मावतात, म्हणून वर्ग वेगळा आणि फी वेगळी. आपल्याकडे यास्मिन कराचीवाला, नम्रता पुरोहित यांच्यासारख्या मुंबईच्या शिक्षिकांनी ही पद्धत रुजवली, नट्यांचे पट्ट्यांत पाय घातलेले फोटो घरोघरच्या मोबाईलवर पोचले, आणि रिफॉर्मर ही मिरवायची वस्तू झाली. मिरवण्याला माझा विरोध नाही. कोणी मिरवण्यासाठी का होईना, व्यायामाला लागत असेल तर लागो. फक्त आत्ता, या सतरंजीवर, स्वतःपुरतं बघून घ्या की मन यंत्राकडे ओढ घेतंय ते आधारासाठी की फोटोसाठी. उत्तर कोणाला सांगायचं नाही.

उलटही बघा. "आपण जमिनीवरच करणार, यंत्राचे लाड कशाला," असं म्हणताना आत काय आहे? काटकसर असेल तर ती खरी गरज आहे. पण आधार घेणं म्हणजे कमीपणा, असं काही आत असेल तर पुण्याला मॉडेल कॉलनीत आठवणीने डोकवा. 1975 पासून तिथे अय्यंगार गुरुजींची योगसंस्था आहे. बी. के. एस. अय्यंगारही लहानपणी हाडाचा सापळा, मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पोखरलेले. त्यांच्या संस्थेत भिंतीला दोर, कंबरेला पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, घडीच्या खुर्च्या. ज्याला जमिनीवरून आसन साधत नाही त्याला ते दोराला टांगून, खुर्चीवरून वाकवून साधून देत, म्हणजे शरीराला एकदा तरी कळावं की तिथे पोचल्यावर कसं वाटतं. त्यांच्या वर्गातल्या माणसाला कोणी आळशी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

शरीराचा भाग मी लवकर उरकतो, कारण तो तुमच्या डॉक्टरांचा आहे. हाडं विरळ झाली असतील तर पाठ गोल करून भार घेणारे व्यायाम, रोल-अप, चेंडूसारखं लोळणं, टाळायचे. मॅटच्या नेहमीच्या क्रमात हेच भरपूर असतात, त्यामुळे नेहमीचा मॅटवर्ग तुमच्यासाठी नाही. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणं-उठणंच संकट असेल तर उंच पायांचा रिफॉर्मर बरा, मात्र त्यावर चढता-उतरताना गादी सरकते, म्हणून स्प्रिंगा लावलेल्या आहेत ना हे पाहून आणि चौकटीला धरूनच. कंबरदुखीसाठी जात असाल तर वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 2015 चा आढावा असं सांगतो की जवळपास काहीच न करण्यापेक्षा पिलाटीजने फरक पडतो, पण इतर व्यायामांहून ते सरस आहे असं म्हणायला पुरावा नाही. म्हणजे चमत्काराच्या भावाने पैसे मोजू नका.

आता पुन्हा एकदा कंबरेखाली हात सरकवा. पहिल्यापेक्षा जागा कमी झाली आहे का, तेवढीच आहे, की हात वेगळ्या तऱ्हेने टेकतोय? इतका वेळ पडून राहिल्यावर बहुतेकांची पाठ थोडी पसरते. श्वास बरगड्यांच्या बाजूंना. मघाचं डोकं उचलणं आठवा. गळा आधी ताठ झाला होता की पोट?

गळा म्हणालात तर माझं मत असं: पैशांची सोय होत असेल तर सुरुवातीचे थोडे धडे रिफॉर्मरवर घ्या, आणि तेही एकट्याने, शिक्षकासमोर. यंत्राने धरलेलं असताना पोटाचं काम काय ते एकदा कळू द्या. मग मॅटवर या आणि घरी मॅटच ठेवा, कारण यंत्र घरी येत नाही आणि रोजचं काम घरीच होतं. पोट म्हणालात, नाचाची, मल्लखांबाची किंवा आसनांची सवय अंगात असेल, तर थेट मॅट. रिफॉर्मर पुढे कधी हौसेने. पैशांची सोय नसेल तर प्रश्नच मिटला, मॅट, पण दहा-बारा माणसांहून मोठ्या वर्गात नको. आणि काहीही झालं तरी जिथे संगीत जोरात, सगळ्या गाद्या एका तालावर पळताहेत आणि शिक्षक माइकवरून बोलतोय, तो रिफॉर्मरचा वर्ग पहिला वर्ग म्हणून घेऊ नका. तिथे तुमची गादी आदळली तरी कोणाला ऐकू येणार नाही.

बाहेरच्या दोघांना आत घ्या आता. मैत्रिणीचं अर्धं खरं होतं, घरच्या माणसाचंही अर्धं. भांडण त्यांचं त्यांना मिटवू द्या. कुशीवर वळा, हात टेकून सावकाश उठून बसा आणि स्टुडिओला फोन लावा. दर विचारू नका, ते वेबसाइटवर असतात. विचारा की "डोकं उचललं की माझी मान ताठ होते, अशा माणसाला पहिल्या दिवशी तुम्ही काय करायला लावाल?" समोरून "आमच्याकडे सगळ्यांना सगळं जमतं" असं उत्तर आलं तर आभार मानून दुसरा नंबर फिरवा. "आधी या, बघतो, मग ठरवू" असं आलं तर वेळ घेऊन टाका. मॅट की रिफॉर्मर हे त्यांना तुमच्याकडे बघून ठरवू द्या, आणि ठरवलं की का, हे मात्र विचारा. जाता जाता ग्रिपच्या मोज्यांचंही विचारून घ्या. तळाला रबरी ठिपके असलेले ते मोजे बऱ्याच ठिकाणी सक्तीचे असतात, आणि तिथेच घेतले तर महाग पडतात.